दिंडीतले साधक

उंडवडी गवळ्याचीहून तुकोबारायांची पालखी बारामतीकडे निघते तेव्हा वाट जिरायत पट्ट्यातली असते. सुपे, मोरगाव, उंडवडी हा सगळा मुलूख पावसाच्या भरवशावर जगणारा. बारामती ओलांडली की नीरा डाव्या कालव्याचा ऊस दिसू लागतो. या वाटेवरच्या दिंड्यांत पांढरं धोतर, कपाळी गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ अशी मिसरूड फुटू लागलेली मुलं भेटतात. आळंदीत शिकणारी ही साधक मंडळी. ती घडतात कशी, हे बघायला मी त्यांच्यासोबत चाललो.

काटेवाडीत परीट समाजाने धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांनी पालखीला रिंगण घातलं, आणि गर्दीसोबत आम्ही सणसरच्या मुक्कामी आलो. पाय भरून आले होते, तरी राहुटीत शिरताच एका मुलाने आधी पखवाज उतरवला आणि परातीत कणिक मळायला घेतली. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, ओली कणिक लावतात. तिच्यावर नाद ठरतो. शेजारच्या थोरल्या साधकाने बोट लावून पाहिलं. "पाणी जास्त झालंय. वाजवताना सुटंल ती." मुलाने मुकाट्याने कणिक काढली आणि पुन्हा मळली. मग बोल सुरू झाले, पण आधी तोंडाने. तोंडी पक्के झाल्याशिवाय थापेला परवानगी नाही. "बोटं आवळू नको रे. मनगट सैल सोड," दिंडीचे महाराज म्हणाले. हरिपाठाला तो बसला तेव्हा त्याची नजर सारखी चाल सांगणाऱ्याच्या तोंडाकडे होती. पखवाज्याने पुढे पळायचं नाही, चालीच्या मागे राहायचं, ही त्याची पहिली शिकवण. मला वाटतं, ग्रंथांच्या आधी मुलगा इथेच घडायला लागतो. दुसऱ्या दिवशी बेलवडीच्या गोल रिंगणात तोच पोरगा पखवाज गळ्यात घेऊन धावला, तेव्हा त्याचा ठेका चुकला नाही.

साधकांच्या आळंदीतल्या शिक्षणाचं मूळ १९१७ सालात आहे. विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. फी नाही, चार वर्षांचा अभ्यास, ज्ञानेश्वरी, गाथा, गीता आणि गावात मधुकरी मागून जेवण. घरच्या गरिबीमुळे कुणाची वाट अडू नये, अशीच ही रचना आहे. गरिबी मुलाला संस्थेच्या दारापर्यंत आणते, हे खरंच आहे; पण पहाटेची काकड आरती, पाठांतर आणि दारोदारची मधुकरी चार वर्षं निभावायला आतून ओढ लागते. ती नसलेली मुलं घरी परततात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटू नये.

मुलं घडवण्याचं हेच काम पुणे-नगर रस्त्याच्या बाजूला दुसऱ्या परंपरेतही चालतं. नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर १८७८ पासून काम करू लागले. धर्मगुरू होण्याच्या ओढीला तिथले ख्रिस्ती पाचारण म्हणतात. चर्चमधल्या मिस्सेला वेदीसेवा करणाऱ्या मुलात धर्मगुरूला काही दिसतं, दहावी-बारावीनंतर त्याची चाचपणी होते, मग तत्त्वज्ञान, ईश्वरज्ञान, आणि बरीच वर्षं गेल्यावर गुरुदीक्षा. धर्मगुरू घडवणारी पुण्यातली पेपल सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीत १८९३ मध्ये सुरू झाली आणि १९५५ मध्ये इथे आली. दोन्ही वाटांत फरक मोठा आहे: कॅथलिक धर्मगुरू आजन्म ब्रह्मचर्य पत्करतो, तर वारकरी साधक बहुधा गावी परततो, संसार करतो, शेती करून कीर्तनं करतो. तरीही गी देल्युरी या पुण्यातल्या फ्रेंच जेझुइटाने स्वतः वारी करून विठोबाच्या भक्तीवर १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही वाटा एकमेकींना परक्या नाहीत.

वारीत पुढे इंदापूरच्या रिंगणात पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी, पखवाजी असे क्रमाने धावले आणि शेवटी अश्व. त्या संध्याकाळी जिरायत गावातले एक आजोबा नातवाला घेऊन महाराजांकडे आले. "याला आळंदीला न्या." महाराजांनी मुलाला आधी विचारलं, "तुला यायचंय का रे बाळा?" मग आजोबांना म्हणाले, "दादा, आधी त्याची शाळा कुठे चालेल ते ठरवू."

महाराजांची ही विचारपूस मला सगळ्यात मोलाची वाटली. कारण आळंदीत जोग महाराजांच्या संस्थेचं नाव मोठं असलं, तरी तिथे खासगी वसतिगृहंही पुष्कळ निघाली आहेत, आणि त्यांतल्या काहींविरुद्ध मुलांच्या छळाच्या गंभीर तक्रारी झाल्या. श्रद्धेच्या नावाने मूल कुणाच्याही हाती सोपवणं हे भक्तीचं लक्षण नव्हे. म्हणून बारामती-इंदापूरच्या आईबापांना माझी विनंती आहे: मुलाला पाठवण्याआधी स्वतः जाऊन ती जागा बघा, तिथली नोंदणी विचारा, मुलं कुठे झोपतात, कुठल्या शाळेत जातात ते डोळ्यांनी पाहा, आणि परतायचं म्हटलं तर घराचं दार उघडं आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगा.