वांकविलेली तार

वऱ्हाडांत ज्या घरांत भजनाची गोडी आहे, त्या घरांत बाजाची पेटी बहुधा असतेच. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या अशा एखाद्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा अमेरिकेंतील 'ब्लूज' नांवाच्या संगीताचें ध्वनिमुद्रण लावतो, आणि पेटीवर ज्यांचा कान तयार झाला आहे अशा वडिलांना पहिल्या दोन मिनिटांतच वाटूं लागतें कीं, ही गिटार सुरांत लावलेली नाहीं. तार एका स्वरावरून निघते, दुसऱ्यावर पोंचण्यापूर्वींच थबकते, तेथें थरथरते आणि पुन्हा मागें वळते. "बाबा, गोडी तिथेंच आहे," असें मुलगा म्हणतो. "अरे, हें सरळ बेसूर आहे," असें वडील म्हणतात. हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा नाहीं. स्वर कोणता खरा आणि तो कोणी ठरवावयाचा, असा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

ब्लूजचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागांत झाला. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधील सपाट, गाळाच्या प्रदेशास तेथें डेल्टा म्हणतात. ब्लूजच्या गिटारीची सर्वांत प्रसिद्ध भूमि ती हीच. तेथील मुख्य पीक कापूस. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, तरी मुक्त झालेल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या हातीं जमीन आली नाहीं. मळेवाल्याचें शेत बटाईनें करावयाचें, दाणागोटा उधारीवर आणावयाचा, आणि हंगामाच्या शेवटीं हिशेब झाला म्हणजे पुन्हा कर्जांतच उरावयाचें, हा त्यांचा क्रम पुढें कित्येक वर्षें चालला.

वऱ्हाडच्या माणसास हें चित्र अगदींच परकें वाटूं नये. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळांत अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हां हिंदुस्थानांतील कापसाचे भाव कडाडले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांची दृष्टि वळली. उमरावतीच्या नांवावरून इकडच्या कापसाला परदेशच्या बाजारांत 'उमरा' हें नांव पडलें. १८६७ मध्यें नागपूरपर्यंत पोंचलेला लोहमार्ग अकोला आणि बडनेरा या गांवांवरूनच गेला. पीक एक म्हणून गाणेंहि एक झालें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. साम्य आहे तें निराळ्या ठिकाणीं. वऱ्हाडांत पहांटे जात्यावर ओवी म्हणणारी बाई आणि डेल्टाच्या शेतांत लांब हाक घालून एकटाच गाणारा मजूर, या दोघांनाहि वाद्याची साथ नव्हती. ज्या गळ्याला वाद्याची साथ नाहीं, तो वाद्याच्या पट्ट्यांनीं बांधलाहि जात नाहीं. दोन स्वरांमधली जी जागा भावनेला हवी असेल, तेथें तो खुशाल थांबतो.

अशा गळ्याच्या माणसाच्या हातीं पुढें गिटार आली. टपालानें माल धाडणाऱ्या मोठ्या दुकानांच्या सूचीपत्रांतून ती स्वस्तांत मिळूं लागली होती. गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे कायमचे बसविलेले असतात, आणि पेटीच्या पट्ट्यांप्रमाणेंच ते सप्तकाचे बारा भाग करून मोकळे होतात. शेतांत गाणाऱ्यास असें आढळून आलें कीं, आपल्या गळ्यांतला स्वर नेमका दोन पडद्यांच्या मध्यें पडतो. त्याच्यापुढें दोन मार्ग होते: आपला स्वर सोडावयाचा, किंवा तारेला आपल्या स्वरापर्यंत ओढून आणावयाचें. त्यानें दुसरा मार्ग धरला. ब्लूजच्या वादनांतील सारें वैचित्र्य या एका निवडींतून निघालें आहे.

डब्ल्यू. सी. हँडी नांवाचे एक कृष्णवर्णीय बँडमास्तर होते. त्यांचें शिक्षण स्वरलिपीच्या रीतसर परंपरेंत झालेलें होतें. १९०३ च्या सुमारास मिसिसिपींतील टटवायलर या लहानशा स्टेशनावर ते रात्रीं गाडीची वाट पाहात असतां, शेजारीं एक फाटक्या कपड्यांतला कृश माणूस गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवूं लागला. असें विलक्षण संगीत आपण पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें, असें हँडी यांनीं १९४१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पुढें त्यांनीं ब्लूजचीं गीतें स्वरलिपींत छापून प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्या मधल्या स्वरासाठीं कागदावर चिन्हच नव्हतें. त्यांनीं गांधार व निषाद कोमल लिहून ती जागा सुचविली. कागदावर उतरलें तें त्या स्वराचें केवळ जवळचें रूप होतें.

तार ओढून आणण्याच्या रीती मुख्यतः दोन. तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण आणि तिची जाडी यांवर ठरतो. पहिल्या रीतींत लांबी बदलते. बाटलीची कापून घांसलेली मान बोटांत घालावयाची, किंवा सुरीची पाठ तारेवर टेकवावयाची, आणि ती इच्छेप्रमाणें पुढें-मागें सरकवावयाची. तार पडद्याला लागतच नाहीं. म्हणून दांडीवरील प्रत्येक बिंदु हा एक स्वर होतो. आपल्याकडे विचित्रवीणेवर काचेचा गोटा सरकवितात, त्यांतील तत्त्व हेंच. दुसऱ्या रीतींत ताण बदलतो. तार पडद्यावर दाबून बोटानें बाजूला रेटली कीं ताण वाढतो आणि स्वर चढतो. सतारीची मींड ज्यानें पाहिली आहे त्याला हें निराळें सांगावयास नको. या रीतींत एक अडचण आहे: ताणल्यानें स्वर चढतो, उतरत नाहीं. म्हणून वरून खालीं यावयाचें असेल तर तार आधीं निःशब्दपणें ताणून ठेवावी लागते, मग छेडावी लागते, आणि मग सैल सोडावी लागते. ऐकणाऱ्यास जो सहज सुस्कारा वाटतो, त्याची तयारी वाजविणाऱ्यानें क्षणभर आधींच केलेली असते.

आतां तो 'मधला' स्वर कोणता? सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पिले, तर पियानोचा कोमल गांधार तीनशेंव्या आणि शुद्ध गांधार चारशेंव्या भागावर येतो. ब्लूज गाणाऱ्याचा गांधार पुष्कळदां या दोहोंच्या मध्यें पडतो, आणि तेथेंहि स्थिर न राहतां हलतो. ज्यानें दरबारी कानडा ऐकला आहे त्याला हलणारा गांधार ठाऊक आहे. दरबारींतला गांधार पेटीच्या कोमल गांधाराच्याहि खालीं उतरून आंदोलन घेतो. ब्लूजचा त्याच्या वर रेंगाळतो. दोहोंची जागा निराळी, पण तत्त्व एकच: स्वर म्हणजे केवळ एक बिंदु नव्हे, तो एक लहानसा प्रदेशहि असूं शकतो.

परंतु केवळ मधल्या स्वरानें एवढी ओढ उत्पन्न होत नाहीं. ती ज्या रचनेंत येते, ती रचनाहि ध्यानांत घ्यावयास हवी. ब्लूजचें रूढ कडवें चार चार मात्रांच्या बारा आवर्तनांचें असतें. त्यांत तीन ओळी. पहिली ओळ दुसऱ्यांदा जवळजवळ तशीच येते आणि तिसरी तिला उत्तर देते. शब्द प्रत्येक ओळीची साधारण अर्धीच जागा घेतात. उरलेल्या जागेंत गिटार बोलते. गाणारा एक वाक्य उच्चारतो आणि तार त्याला जबाब देते. कधीं दुजोरा, कधीं थट्टा, कधीं शब्दांत न मावलेलें दुःख. गाडगेबाबा (१८७६–१९५६) हे अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे. कीर्तनांत ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलींत प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरें काढीत. त्या कीर्तनाची जी जिवंत लय होती, तिचें मर्म या सवाल-जबाबांत होतें. ब्लूजच्या गायकास एकट्यानेंच दोन्ही बाजू सांभाळावयाच्या असतात, म्हणून त्याला गिटारीच्या तारेला वाचा आणावी लागते. तारेला वाचा आणावयाची तर ती माणसाच्या बोलण्यासारखी चढली, उतरली, अडखळली पाहिजे. बोलतांना कोणीहि माणूस पेटीच्या पट्ट्यांवरून चालत नाहीं.

प्रत्येक थोर वादकानें ही वाचा आपापल्या अडचणींतून घडविली, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मिसिसिपींत १९२५ सालीं जन्मलेल्या बी. बी. किंग यांना बाटली सरकविण्याची कला साधेना. तो परिणाम त्यांनीं डाव्या हाताच्या बोटाला कंप देऊन साधला, आणि पुढें तो कंपच त्यांची ओळख झाला. गात असतां ते सहसा वाजवीत नसत. गाणें थांबलें कीं गिटार बोलूं लागे. आल्बर्ट किंग (१९२३–१९९२) हे डावखुरे. त्यांनीं उजव्या हाताची गिटार तारा न बदलतां उलटी धरली. त्यामुळें इतर वादक जी तार वर रेटीत, ती ते खालीं ओढीत, आणि त्यांच्या स्वराला निराळेंच वजन येई. जॉन ली हूकर यांनीं १९४८ मध्यें डिट्रॉइट येथें पहिलें गाजलेलें मुद्रण केलें. त्यांत गळा, गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय एवढाच साज होता. बारा आवर्तनांचा हिशेब ते पाळीतच असें नाहीं. वाक्य संपे तेव्हां कडवें संपे.

येथें एक आक्षेप संभवतो. रीत मोडणें हेंच जर सौंदर्य, तर ज्याला वाजवितां येत नाहीं त्याचेंहि वादन सुंदर म्हणावें लागेल. याचें उत्तर रॉबर्ट जॉन्सन (१९११–१९३८) यांच्या मुद्रणांत मिळतें. १९३६ व १९३७ या दोन वर्षांत त्यांनीं एकंदर २९ गीतें मुद्रित केलीं, आणि त्यांतील कांहींचीं दोन-दोन मुद्रणें शिल्लक आहेत. तीं एकापुढें एक ऐकलीं तर असें दिसतें कीं, ऐन वेळीं सुचल्यासारखे वाटणारे तारेचे बोल दोन्ही वेळां बहुतेक तेच आहेत. नवशिक्याचा चुकलेला स्वर पुन्हा तसाच चुकत नाहीं. जाणत्याचा वांकविलेला स्वर मात्र पुन्हा पुन्हा आपल्या जागीं येतो. बेसूर आणि वांकविलेला यांतला भेद हाच. भटकून आल्यावर गवई समेवर येतो कीं नाहीं, याकडे ख्यालाच्या श्रोत्याचें लक्ष असतें. ब्लूजच्या श्रोत्याचेंहि असतें.

हा वाद आपल्या देशांत उलट दिशेनें होऊन गेलेला आहे, आणि त्याची जागा रेडिओच होती. स्थिर पट्ट्यांवर मींड निघत नाहीं व श्रुति सांपडत नाहींत, या कारणासाठीं १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या कार्यक्रमांतून दूर केलें. तें बंधन १९७१ मध्यें सैल झालें. तेथें न वांकणारा स्वर दोषी ठरला. वऱ्हाडच्या घरांतील वडिलांना वांकणारा स्वर दोषी वाटतो. भजनी मंडळींनीं मात्र पेटी सोडली नाहीं, आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. कारण पेटीनें चौकट द्यावी आणि गळ्यानें त्या चौकटींत मोकळें हिंडावें, ही वांटणी त्यांना साधली होती. साजाची प्रतिष्ठाहि त्यांनीं मानली नाहीं. खंजिरीला उत्तरेकडील रागदारीच्या मैफलींत मानाची जागा नाहीं; परंतु अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें १९०९ मध्यें जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनीं तीच हातीं घेतली आणि तिच्या बळावर हजारोंचे समुदाय भजनांत बांधून ठेवले. ब्लूजच्या वादकानें ही वांटणी एकाच वाद्यावर केली. अंगठा खालच्या स्वरांची चौकट धरून ठेवतो आणि वरच्या तारा गळ्याप्रमाणें हिंडतात. चौकट नसती तर हिंडण्याला अर्थ उरला नसता.

दोन्ही परंपरा एकमेकींजवळ आल्याचे दाखलेहि आहेत. जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे राय कूडर यांनीं १९९३ मध्यें सरकत्या स्वरांच्या गिटारींवर एकत्र वादन प्रसिद्ध केलें, आणि त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्याहून अर्थपूर्ण भेट १९७७ सालची. त्या वर्षीं व्हॉयेजर यानांबरोबर मानवजातीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी अंतराळांत धाडली गेली, तिच्यांत गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्याच तबकडींत ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचें १९२७ मधील एक मुद्रणहि आहे. तें गीत धार्मिक, म्हणून त्याला काटेकोरपणें ब्लूज म्हणतां येणार नाहीं. पण गिटारीची वाणी तीच. त्यांत शब्द नाहींत. गळा नुसता हुंकारतो, आणि तार त्या हुंकारामागून इतकी जवळून सरकते कीं, कोठें गळा संपला व कोठें तार लागली हें सांगणें कठीण होतें.

घरांतला वाद मिटविण्यास फार दूर जावयास नको. वडिलांनीं पेटी पुढें घ्यावी, मुलानें तें ध्वनिमुद्रण लावावें, आणि गाण्याचा षड्ज पेटीवर शोधावा. मग तार जेथें रेंगाळते तेथें थांबून कोमल गांधाराची पट्टी दाबून पाहावी. स्वर तिच्या वर राहील. शुद्ध गांधाराची दाबावी. स्वर तिच्या खालीं राहील. दोन पट्ट्यांमधल्या त्या लांकडाच्या फटींत पेटीला जागा नाहीं. गळ्याला मात्र आहे, आणि ज्या घरांत पेटीच्या साथीनें वर्षानुवर्षें अभंग म्हटले गेले, त्या घरांतले गळे त्या फटींतून नेहमींच ये-जा करीत आले आहेत.