हालचालींचा लगाम : बेसल गँग्लिया

पाण्याचा पेला उचलणे, सदऱ्याची गुंडी लावणे, खुर्चीतून उठून चालू लागणे, या क्रिया आपण सहजगत्या करतो. त्यांमागे मेंदूच्या गाभ्यातील मज्जापेशींच्या काही पुंजक्यांचे अखंड नियंत्रण असते. या समूहास ‘बेसल गँग्लिया’ असे म्हणतात.

हालचालींची आज्ञा मेंदूच्या बाह्यस्तराकडून निघते. बेसल गँग्लियाचे कार्य निराळे आहे. कोणती हालचाल होऊ द्यावी व कोणती रोखावी, याचा निवाडा तेथे होतो. बाह्यस्तराचे संदेश प्रथम ‘स्ट्रायाटम’ या भागात पोहोचतात. ‘ग्लोबस पॅलिडस’ हा भाग एरवी ‘थॅलॅमस’ला लगाम घालून असतो. स्ट्रायाटमपासून निघणारी थेट वाट हा लगाम सैल करते. मग थॅलॅमस बाह्यस्तराला चेतना देतो व इच्छित हालचाल घडते. दुसरी, वळणाची वाट ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’मार्गे जाऊन लगाम आवळते व नको असलेल्या हालचाली थोपवते. मध्यमेंदूतील ‘सबस्टान्शिया नायग्रा’ या काळसर भागातून येणारे डोपामिन पहिल्या वाटेला बळ देते, दुसरीला आवर घालते आणि दोहोंचा तोल राखते.

कंपवातात, म्हणजेच पार्किन्सनच्या विकारात, डोपामिन निर्माण करणाऱ्या या पेशी हळूहळू नष्ट होतात व लगाम आवळलेलाच राहतो. हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होते, पाय उंबरठ्याशी खिळतात. अनेकांचा हातही कापतो. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले; परंतु रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची उणीव असते, हे व्हिएन्ना येथील संशोधकांनी १९६० मध्ये दाखवून दिले. मेंदूत गेल्यावर डोपामिनमध्ये रूपांतरित होणारे लेव्होडोपा हे औषध आजही उपचारांचा कणा आहे. निवडक रुग्णांत सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये बारीक तार बसवून विद्युत्स्पंदने देण्याची शस्त्रक्रियाही उपकारक ठरते.

या उपचारांनी त्रास कमी होतो. नष्ट झालेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. म्हणून घरच्यांची साथ मोलाची ठरते. रुग्णाच्या मंदपणास आळस वा हट्ट समजू नये. औषध ठरलेल्या वेळीच द्यावे; वैद्यकीय सल्ल्यावाचून एकाएकी बंद करू नये. पाय खिळल्यास हात धरून ओढू नये; जमिनीवरील रेषा ओलांडण्यास सांगावे किंवा तालात आकडे मोजावेत. पुष्कळदा पाऊल उचलले जाते. चालण्याची इच्छा रुग्णाच्या मनात असतेच. अडतो तो लगाम.