'पॅरालिंपिक' : एका शब्दाचा अर्थपालट

शब्द तोच राहावा आणि त्याचा विग्रह मात्र बदलावा, असा प्रकार भाषांच्या इतिहासात विरळा नाही. 'पॅरालिंपिक' हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनदिनीच, स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात पृष्ठरज्जूला इजा झालेल्या १६ स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. खेळ हा तेथे उपचाराचाच भाग होता. धनुष्य ओढल्याने बाहू व खांदे बळकट होत. स्पर्धक अधरांगघाताने पीडित, म्हणून 'पॅराप्लेजिक' आणि 'ऑलिंपिक' यांच्या संयोगातून हे नाव घडले.

पुढे १९७६ साली टोरोंटो येथे अंध व अवयवच्छेद झालेले खेळाडूही उतरले, आणि नाव अर्थाला अपुरे पडू लागले. ते टाकून न देता त्याचा विग्रह बदलण्यात आला. 'पॅरा' म्हणजे ग्रीकमध्ये 'शेजारी'. तेव्हा 'ऑलिंपिकच्या बरोबरीने भरणारे सामने' हाच आज अधिकृत अर्थ मानला जातो. वस्तुतः 'पॅराप्लेजिया'तील उपसर्गही तोच आहे. गळाला तो केवळ 'आघात'वाचक अंश. नाव व्याधीकडून बरोबरीकडे वळले ते असे.

व्यवहार मात्र शब्दामागून सावकाश येतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री त्यांना लाभली ती २०१८ मध्ये.