आवडती बिअर विचारली, तर मी हुर्राक सांगतो

आमच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत टिपणं वाचून झाली की चहा होतो, आणि खऱ्या गप्पा तेव्हाच रंगतात. मागच्या बैठकीत पुण्याहून आलेल्या एका तरुण पाहुण्याने सगळ्यांना एक प्रश्न विचारला, "तुमची आवडती बिअर कुठली?" कोणी बाटलीतली सांगितली, कोणी हल्ली हॉटेलातच गाळून देतात ती. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "हुर्राक." सगळे हसले. पाहुणा म्हणाला, "काका, ती बिअर नव्हे." त्याचं बरोबर होतं. बिअर धान्य आंबवून होते आणि गाळली तरी ती ऊर्ध्वपातित नसते. हुर्राक काजूच्या बोंडांच्या रसाची, आणि भट्टीवर चढवलेली. पण आम्हा सत्तरीकरांच्या उन्हाळ्यात बिअरची जी जागा असायला हवी, ती हुर्राकेने कधीच घेतली आहे. त्या दिवशी हे नीट सांगता आलं नाही, म्हणून हे टिपण.

आधी माड, मग काजू

गोव्यातली दारू म्हटली की काजूफेणी, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात माडाची दारू जुनी. रेंदेर माडावर चढून पोय छेदतो, तिच्यातून ठिबकते ती सूर. सूर आंबते आणि भट्टीवर चढवली की दारू होते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने आपल्या प्रवासग्रंथात या सुरेची आणि तिच्यापासून काढलेल्या 'उराके'ची नोंद केली आहे. म्हणजे 'हुर्राक' हा शब्द आज काजूला चिकटला असला, तरी तो माडाकडून आलेला आहे. त्याचं मूळ अरबी 'अरक'. त्या शब्दाचा अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून थेंब पडताना ज्याने पाहिलेत, त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

काजू मूळचा ब्राझीलचा. तो पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आला. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला; त्यात आंबा आहे, फणस आहे, माड आहे, पण काजू नाही. क्रिस्तोव्हांव द कोस्ताच्या १५७८ च्या पुस्तकात कोचीनच्या बागेतला काजू येतो. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की काजू इथे तेव्हा किती नवा होता ते कळतं. पुढे तो डोंगरउतारांवर असा पसरला की आज आमच्या पोरांना तो कायमचाच इथला वाटतो.

मंडळात मी एकदा "फेणी ही पोर्तुगिजांची देणगी" असं वाचून दाखवलं होतं. आता ते वाक्य मागे घेतो. झाड त्यांनी आणलं. पण भांडं, नळी आणि थेंब गोळा करायची रीत आपल्याकडे माडाच्या दारूसाठी आधीपासून होती. तीच रीत काजूच्या रसाला लावली गेली.

बोंडापासून थेंबापर्यंत

आमच्या घरची काजूची बाग डोंगराच्या उतारावर. फेब्रुवारीच्या अखेरीस हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. दारूसाठी बोंडं झाडावरून तोडायची नसतात. पिकून खाली पडलेलं बोंडच घ्यायचं आणि तेही त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी ते कुजायला लागतं. म्हणून पहाटे सगळं घर बागेत. बी पिळून वेगळी करायची, बोंडं टोपल्यांत भरायची.

उतारावरच एका कातळात खोदलेलं उथळ टाकं आहे. त्याला कोळमी म्हणतात. त्यात बोंडं ओतून पायांनी तुडवायची. रस एका बाजूच्या भोकातून खालच्या भांड्यात येतो. हा पहिला रस दारूसाठी. उरलेल्या चोथ्याची ढेप रचून तिला नुडीच्या वेलीने गुंडाळत आणि वर जड धोंडा ठेवत. त्यातून रात्रभर जो स्वच्छ रस झिरपतो तो निरो. तो आम्ही मुलं सकाळी ग्लासाने प्यायचो. त्यात दारू नाही, फक्त काजूचा तुरट गोडवा. आता बहुतेक ठिकाणी तुडवण्याऐवजी यंत्राने दाबतात.

पहिला रस अर्धवट जमिनीत पुरलेल्या कोडें नावाच्या मोठ्या मडक्यात तीनेक दिवस आंबतो. त्यात खमीर घालत नाहीत, साखर घालत नाहीत. बोंडाच्या सालीवर आणि हवेत जे असतं तेच काम करतं. हल्ली मडक्याच्या जागी निळे प्लास्टिकचे पिंप आलेत. आंबलेला रस भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात, ओतून खाली लाकडं पेटवायची. वाफ नळीतून लावणी नावाच्या मडक्यात येते. लावणी थंड राहिली तरच वाफेचे थेंब होतात. लहानपणी माझं काम हेच, दवलीने लावणीवर पाणी ओतत राहायचं. जरा डुलकी लागली की वडिलांचा आवाज यायचा, "उदक घाल रे!" आता पाण्यात बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी ते काम करते आणि पोरांची झोप मोडत नाही.

पहिल्या उतारात जी येते ती हुर्राक. तिच्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. हीच हुर्राक पुन्हा रसात मिसळून चढवली की काजुलो आणि आणखी एकदा चढवली की फेणी, अशी जुनी तीन पायऱ्यांची रीत. आज बाजारातली बहुतेक फेणी दोनच उतारांची असते आणि तिचं प्रमाण ४२.८ टक्के ठेवतात. जाणती माणसं मापयंत्र घेण्याआधी बाटली हलवून वरचा फेस बघायची. फेसाचे मणी केवढे येतात आणि किती वेळ टिकतात, यावरून ती दारूचा जोर सांगत. 'फेणी' हे नाव या फेसावरून, म्हणजे फेणावरून पडलं असं मानतात.

माझी आवड

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. मला हुर्राक आवडते, ती ताजी आणि एप्रिलमधली. मार्चची जरा हिरवी लागते. मे महिन्यात पावसाची चाहूल लागली की बोंडात पाणी भरतं आणि चव पातळ होते. हुर्राक टिकत नाही. ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत तिचा वास उतरतो. म्हणून ती फारशी बाहेर जात नाही आणि वर्षभर मिळतही नाही. मला ती आवडण्याचं अर्धं कारण हेच आहे. आंब्यासारखी ती येते आणि जाते.

पिण्याची आमची रीत साधी. मोठा ग्लास, बर्फ, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची, आणि वर लिम्का किंवा नुसता सोडा. बरोबर भाजलेले काजू नकोत, बोंडाच्या तुरटपणावर ते जड पडतात. तळलेली सुकी मासळी चालते. विकत घेताना मी तळहातावर थेंबभर चोळून वास घेतो. चांगली असेल तर पिकल्या बोंडाचा वास राहतो. धुराचा किंवा जळका वास आला तर भाण खाली लागलं असं समजायचं.

फेणी मी क्वचित पितो, तीही थंडीत. आईच्या कपाटात मात्र दुकशिरीची बाटली असे. दुकशिरी म्हणजे अनंतमुळाच्या मुळ्या घालून ठेवलेली फेणी. सर्दी झाली की चमचाभर, पोट बिघडलं की चमचाभर. ती घरात दारूत मोजली जात नव्हती. आणि बिअरच हवी असेल, तर गोव्याच्या तावेर्नात बसून किंग्जची छोटी बाटली. हलकी, फार कडू नाही, उन्हात बरी. पण ती मी मित्रांसाठी पितो. हुर्राक माझ्यासाठी.

माझा मामा

इथेच थांबलो तर हे टिपण पर्यटकांसाठी लिहिल्यासारखं होईल. माझा धाकटा मामा हंगामात आमच्या भट्टीवरच राहायचा. आग किती ठेवायची, भाण कधी उतरवायचं, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पहिल्या धारेचे चार थेंब राखणदाराला वाहिले की पाचवा त्याचा. आधी फक्त हंगामात, मग वर्षभर. त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि पन्नाशी गाठायच्या आत तो गेला. आईने त्यानंतर भट्टीवर पाऊल ठेवलं नाही. पण आमच्या शाळेची फी त्याच भट्टीतून यायची, हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी घरात एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यांबद्दल कोणी बोलत नसे.

वडिलांनी तेव्हा एक नियम घातला. भट्टीची दारू भट्टीवर प्यायची नाही. घरी आणायची, सगळ्यांसमोर, जेवणाआधी, एक ग्लास. मी आज दीड ग्लासावर थांबतो. वाढलेला अर्धा ग्लास माझा, नियम त्यांचा.

कायदा आणि नाव

दारूचा इतिहास म्हणजे बराचसा कराचा इतिहास. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्याने मिठाबरोबरच गोव्याची अबकारी व्यवस्थाही ब्रिटिश पद्धतीला बांधली गेली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला, हा योगायोग नव्हे. माडावरच्या कराचा भार रेंदेरांवर पडला. तह १८९२ मध्ये संपला, पण दारू गाळणारा माणूस सरकारच्या वहीत गेला तो गेलाच.

पुढे फेणी कायद्याच्या वर्गवारीत 'देशी दारू' ठरली आणि त्या शिक्क्यामुळे तिला गोव्याबाहेर मान नव्हता. २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ साली राज्य शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. शिक्का निघाला, बाटल्या सुंदर झाल्या, दुकानांत वेगळी फळी मिळाली. पलीकडे दोडामार्गात आमच्यासारखेच काजूचे डोंगर आहेत, तेच बोंड, बोलीही जवळपास तीच. पण तिथे बी विकली जाते आणि बहुतांश बोंडं झाडाखाली कुजतात. मधली रेघ फक्त राज्याची.

या वर्षी

आमच्याकडे अबकारी खातं काजूच्या पट्ट्यांचा लिलाव करतं, त्याला पावणी म्हणतात. ज्याची बोली लागते त्याने त्या पट्ट्यातली बोंडं घेऊन दारू गाळायची. यंदा माझा चुलतभाऊ पावणीला गेला नाही. म्हणाला, "दादा, बोंडं वेचायला माणसं कुठून आणू? बी विकली की पुरे." त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. पहाटे उठून बागेत जाणारा मी तरी कुठे आहे?

एप्रिलमध्ये मी कोळमी बघायला गेलो. पाचोळ्याने भरली होती. हाताने पाचोळा काढला, टेपने मापं घेतली. लांबी साडेसहा फूट, रुंदी पाच, खोली जेमतेम दीड वीत. रस जायचं भोक बुजलं होतं, ते काडीने मोकळं केलं. तळाच्या कातळावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली जागा हाताला लागते. त्या उताराशेजारच्या जमिनीवर आता प्लॉटच्या खुणा ठोकलेल्या आहेत.

आमचं मंडळ देवळांतले शिलालेख आणि वीरगळ नोंदवतं. कोळमीवर कुणाचं नाव कोरलेलं नसतं, म्हणून ती आमच्या यादीत नव्हती. माझ्या घरचीपासून मी ती यादी सुरू केली आहे. वाचकांपैकी कोणाच्या बागेत, डोंगरावर, विसरलेल्या भट्टीशेजारी अशी कोळमी असेल, तर तिची मापं, फोटो आणि तिथे शेवटचं कोण तुडवत होतं त्याची आठवण मंडळाला कळवावी. हुर्राक मिळाली तर तीही चालेल, पण एप्रिलची.