चाकांवरचे घर : प्रवासापूर्वीची सिद्धता

मोटारीमागे जोडून नेता येणाऱ्या मुक्कामाच्या लहान घरास कॅराव्हॅन म्हणतात. केवळ हौशी भ्रमंतीसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली इंग्लंडमध्ये करवून घेतलेली घोड्यांची गाडी ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

नवशिक्याने प्रथम वजनाचा विचार करावा. मोटार किती भार ओढू शकते, हे तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. सामानासह घराचे वजन त्या मर्यादेत असावे. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो भार, हे विसरू नये. जड वस्तू तळाशी व आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात. मागील भाग जड झाल्यास जोडावरील दाब घटतो आणि वेग वाढताच घर हेलकावे खाऊ लागते. अशा वेळी करकचून ब्रेक न लावता स्टिअरिंग स्थिर धरावे व ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा.

मुक्कामाची जागा सपाट व उंचावर असावी. कोरड्या नदीपात्रात तळ ठोकू नये. घर मोटारीपासून सोडविण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावावेत. उबेसाठी बंद घरात शेगडी पेटती ठेवणे प्राणघातक ठरते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. म्हणून हवेचे झरोके कधीही बुजवू नयेत.

पहिला मुक्काम जवळच्या ठिकाणी, एका रात्रीचा करावा. त्यातून उणिवा लक्षात येतात व पुढील दूरचा प्रवास निर्धोक होतो.