त्रिकोणाचा रंग आणि मधमाशी

भारतात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो आणि औषध किती जहाल आहे याचा अंदाज शेतकरी त्यावरूनच बांधतो. परंतु 1968 च्या कीटकनाशके कायद्याखालील नियमांनुसार हा रंग प्रयोगशाळेतील सस्तन प्राण्यांवर दिसलेल्या विषारीपणावरून ठरत असल्यामुळे, मधमाशीबाबत तो काहीच सांगत नाही. इमिडाक्लोप्रिड हे सर्वत्र खपणारे कीटकनाशक पोटात गेल्यास सुमारे 4 नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांशाच्या चौपट, इतकी मात्राही मधमाशीला मारक ठरू शकते.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन ही निओनिकोटिनॉइड गटातील रसायने आंतरप्रवाही आहेत. मुळांतून किंवा पानांतून शोषली जाऊन ती झाडभर पसरतात आणि मकरंद व परागापर्यंत पोहोचतात. मात्रा मारक नसली तरी ती मज्जासंस्थेत ढवळाढवळ करते. 2012 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी कामकरी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून त्यांना थायामेथोक्झामची अल्प मात्रा दिली, तेव्हा त्यांतील लक्षणीय संख्येने माश्या पेटीकडे परतल्याच नाहीत. अशा वेळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडत नाही, वसाहत नुसतीच रोडावत जाते आणि मधपाळाकडे पंचनाम्यापुरताही पुरावा उरत नाही. हे नुकसान दुय्यम मानू नये.

फवारणी न करताही विष कसे पसरते, हे जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात 2008 च्या वसंतात दिसले. मक्याच्या बियाण्यावरील क्लोथियानिडिनचा लेप नीट चिकटलेला नव्हता, हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी त्याची भुकटी वर उडवली, वाऱ्याने ती फुललेल्या मोहरीवर्गीय पिकांवर नेली आणि अकरा हजारांहून अधिक वसाहतींना झळ बसली. पुढे युरोपीय संघाने 2013 मध्ये वरील तिन्ही रसायनांवर निर्बंध घातले आणि 2018 मध्ये त्यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी आणली. विदर्भातही कपाशीचे बियाणे इमिडाक्लोप्रिडचा लेप लावूनच येते, मात्र ते बहुधा हाताने टोकले जात असल्याने तशी धूळ उडत नाही. तिथला धोका रसशोषक किडींसाठी फुलोऱ्यात होणाऱ्या फवारण्यांचा अधिक आहे. त्यातच एका टाकीत दोन-तीन औषधे मिसळण्याची रूढी आहे. प्रोपिकोनाझोलसारखे बुरशीनाशक माशीला एरवी फारसे बाधत नाही, पण विष निकामी करणारी तिच्या शरीरातील विकरे ते रोखते, त्यामुळे सोबतचे कीटकनाशक कितीतरी जहाल ठरू शकते.

सूर्यास्तानंतर फवारावे, हा नेहमीचा सल्ला पेटीतल्या सातेरी आणि मेलिफेरा माश्यांसाठी योग्यच आहे. आग्या माशी मात्र चांदण्या रात्रीही मकरंद गोळा करते. शिवाय तिचे पोळे उंच झाडावर किंवा कड्याला उघडेच लोंबत असल्याने ना ते झाकता येते, ना त्याच्या नुकसानीची तक्रार करणारा कोणी मालक असतो.

पिकाला माशीही हवी आणि फवारणीही, हा पेच कांद्याच्या बीजोत्पादनात ठळक होतो. कांद्याच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे गोंड्यांत बी भरण्यासाठी कीटकांची ये-जा आवश्यक असते. म्हणून शेतकरी पेट्या भाड्याने आणतो, आणि फुलकिडे दिसले की त्याच गोंड्यांवर फवारतो. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वी करून, थोडी फुले उमलल्यावर पेट्या ठेवून, पुढे फवारणी थांबवणे हा मार्ग आहे. परंतु माशी एक किलोमीटरपर्यंत फिरली, तरी तिचे क्षेत्र सुमारे पावणेआठशे एकरांचे होते आणि एवढ्या शिवारात बांधाबांधाला वेगळा मालक असतो. शेजाऱ्याने आदल्या दिवशी निरोप दिला, तर मधपाळ रात्रीच जाळी लावून पेट्या बंद करू शकतो किंवा दूर हलवू शकतो. निरोप न मिळाल्यास सकाळी माश्या बाहेर पडलेल्याच असतात.