व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये मावणारं एमआरएनए

पेण-रोह्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लशी राहतात त्या २ ते ८ अंशांच्या आयएलआर नावाच्या खास फ्रीजमध्ये. तिथून डोंगरातल्या कातकरी-ठाकर वाड्यांवर त्या जातात आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून, आरोग्यसेविकेच्या खांद्यावरून. फायझरची एमआरएनएवाली कोविड लस मात्र सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. म्हणजे वाडीवरच्यांनी तिचं फक्त नाव ऐकायचं!

एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश. रेणू लांबलचक आणि नाजूक. अंगातली विकरं त्याचा बघता बघता फडशा पाडतात. त्यावर ऋणभार असल्याने पेशीच्या स्निग्ध पटलातूनही तो आत शिरत नाही. म्हणून त्याला साधारण १०० नॅनोमीटरच्या लिपिड कणात बसवतात. कणात लिपिडं चार: फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल (हो, रक्ततपासणीत धडकी भरवणारंच), कण एकमेकांना चिकटू न देणारं पेग-लिपिड आणि चौथं, सगळ्यांत हिकमती, भार बदलणारं लिपिड.

आम्लात या चौथ्यावर धनभार चढतो, म्हणून कण बनवताना ते एमआरएनएला घट्ट धरतं. रक्तात भार जवळजवळ उतरतो. कायम धनभारित लिपिडं पेशींना घातक ठरतात, तो धोका असा टळतो. पेशी कण गिळते आणि एंडोसोम नावाच्या पिशवीत कोंडते. पिशवी आम्लधर्मी होत जाते तसा भार पुन्हा चढतो, लिपिड पिशवीच्या ऋणभारित आवरणाला भिडतं, आवरण विस्कटतं आणि एमआरएनए बाहेर पडतं. तेही थोडंच, बहुतेक माल आतच पचून जातो. २०२३चं नोबेल एमआरएनएवाल्यांना मिळालं, लिपिडवाले पीटर कलिस बाहेरच राहिले. मला ते पटलेलं नाही.

पुण्याच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने वेगळी वाट धरली. जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळालेल्या त्यांच्या जेमकोव्हॅक-१९मध्ये एमआरएनए कणाच्या पोटात नाही, पाठीवर चिकटवलेलं असतं. ती २ ते ८ अंशांत टिकते. पुढच्या वर्षीची ओमिक्रॉनवरची जेमकोव्हॅक-ओएम तर कोरडी भुकटी. टोचताना सुईही नाही. सूत्र पेणच्या पापडाचं, पाणी काढलं की टिकतं. पण इथे ऊन चालत नाही. आधी गोठवायचं, मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची.

उणे ७० अंशांचा प्रश्न असा सुटला, तरी शरीरातला प्रवास उरतोच. शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृतात जाऊन बसतात. २०१८मध्ये मान्यता मिळालेलं, लिपिड कणांतूनच दिलं जाणारं पॅटिसिरान हे औषध यकृतावरच काम करणारं होतं. २०२५मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाचा जनुकदोष अशाच कणांतून साहित्य पाठवून दुरुस्त करण्यात आला, तोही यकृतातला.

नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासींना छळणाऱ्या सिकलसेलचं मूळ मात्र अस्थिमज्जेत आहे. आजच्या जनुकोपचारात मूळ पेशी बाहेर काढून दुरुस्त करतात आणि परत घालण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी देतात. हे काम एका इंजेक्शनवर आणायचं, तर कणाला यकृत चुकवून मज्जेत पोचावं लागेल. प्रयोगशाळांत सध्या त्याचीच खटपट चालू आहे.